मिश्रणाचें गणित बांधावर आणा

पावसाळा तोंडावर आला म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंच्या घरीं एकच उद्योग निरनिराळ्या रूपांनीं सुरू होतो, आणि तो म्हणजे मिसळण्याचा. बियाण्यासाठीं मिठाचें पाणी करावयाचें, खतें एकत्र करावयाचीं, पंपांत औषध घालावयाचें, दुभत्या जनावराच्या आंबोणांत पेंड व भरडा मिळवावयाचा, आणि सायंकाळीं डेअरीवर दूध घातलें म्हणजे त्यांतील स्निग्धांशावरून मिळणारा भाव मुकाट्यानें घ्यावयाचा. या सर्व कामांच्या तळाशीं एकच गणित आहे. शाळेच्या पुस्तकांत त्यास ‘मिश्रणाचीं उदाहरणें’ असें नांव आहे. नवल हें कीं, ज्या मनुष्याला हें गणित वर्षाचे बारा महिने लागतें, तोच तें शाळेच्या उंबरठ्याच्या आंत ठेवून बाहेर पडला आहे. हें गणित परीक्षेचें नसून शेताचें आहे, आणि त्याची जागा बांधावर आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें मत कां झालें, हें आम्ही येथें सविस्तर मांडूं इच्छितों.

प्रथम शाळेचाच विचार करूं. मिश्रणाचें उदाहरण म्हटलें कीं पुस्तकांत एक गवळी ठरलेला. तो दुधांत पाणी घालतो, आणि त्याला शेंकडा किती नफा झाला हें मुलांनीं काढावयाचें. पिढ्यान् पिढ्या हा गवळी पाणी घालीत आला आहे व पिढ्यान् पिढ्या मुलें त्याच्या नफ्याचा हिशेब करीत आलीं आहेत. यांतून दोन वाईट गोष्टी घडतात. मिसळणें म्हणजे लबाडी, अशी एक समजूत मनांत बसते. आणि उत्तर काढण्याची एक ठराविक युक्ति पाठ होते, परंतु ती कां चालते हें कळत नाहीं. परीक्षा संपली कीं युक्ति विसरली जाते आणि गवळी तेवढा लक्षांत राहतो. ज्या मुलाचा बाप त्याच दिवशीं शेतांत पंप भरीत असतो, त्या मुलाला ‘तुझ्या बापाच्या पंपांत किती औषध गेलें?’ असें विचारणारें उदाहरण क्वचितच घातलें जातें.

वास्तविक हें गणित आपल्या भूमीला नवें नाहीं. भास्कराचार्यांनीं सन ११५० मध्यें लिहिलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथांत सुवर्णगणित म्हणून एक प्रकरण आहे. निरनिराळ्या कसाचें सोनें एकत्र आटवलें तर होणाऱ्या सोन्याचा कस किती, हा त्यांतील विषय. तेथें कसाला ‘वर्ण’ म्हटलें असून शुद्ध सोनें सोळा वर्णांचें धरलें आहे. रीत अगदीं सरळ आहे. प्रत्येक तुकड्याचें वजन व त्याचा वर्ण यांचा गुणाकार करावा, सर्व गुणाकारांची बेरीज करावी, आणि एकंदर वजनानें भागावें. समजा, १२ वर्णांचें १० मासे व १५ वर्णांचें ५ मासे सोनें एकत्र केलें. १० गुणिले १२ म्हणजे १२०; ५ गुणिले १५ म्हणजे ७५; बेरीज १९५; तिला १५ माशांनीं भागलें म्हणजे उत्तर १३ वर्ण. जो घाईनें १२ व १५ यांची सरासरी घेईल त्याला साडेतेरा वर्ण दिसतील आणि सराफाच्या दुकानांत तो फसेल. तुकडे सारख्या वजनाचे नसतां नुसत्या कसांची सरासरी घेतां येत नाहीं, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिला. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवजवळ पाटणें येथें सन १२०७ चा जो शिलालेख आहे, त्यांत ही हकीकत कोरलेली आहे. आज त्याच खानदेशांत कापूस व केळी यांच्या पिकांना टनावारी खत पडतें आणि हंगामभर फवारण्या होतात. ज्या मुलखांत मिश्रणाचें गणित शिकविण्यासाठीं आठशें वर्षांपूर्वीं मठ उभा राहिला, त्या मुलखांत आज औषध बाटलीच्या झांकणानें मोजावें, ही गोष्ट आम्हांस शोभणारी नाहीं.

आतां या गणिताचें मर्म सांगतों. तें एका वाक्यांत मावतें: मिसळल्यानें मूळ द्रव्य वाढत नाहीं आणि घटतहि नाहीं. पाणी कितीहि घाला, मीठ होतें तेवढेंच राहतें. म्हणून कोणतेंहि उदाहरण समोर आलें कीं टक्केवारीच्या मागें न धांवतां आधीं मूळ द्रव्य मोजावें. तीन प्रश्न क्रमानें विचारावे. एकंदर माल किती? त्यांत खरें द्रव्य शेंकडा किती? तर मग खरें द्रव्य वजनानें किती? हा तिसरा आंकडा हातीं आला म्हणजे पुढील सर्व काम साध्या गुणाकार-भागाकाराचें उरतें. टक्क्यांची टक्क्यांत बेरीज कधीं करूं नये; द्रव्याची द्रव्यांत करावी.

एक घरगुती उदाहरण घेऊं. बाजरीच्या बियाण्यांतील अरगट रोगाच्या पेशी वेगळ्या काढण्यासाठीं २० टक्के मिठाचें पाणी वापरतात, म्हणजे १० लिटर पाण्यांत २ किलो मीठ. भाताच्या बियाण्यांतील पोंचट दाणे काढण्यासाठीं ३ टक्के मिठाचें पाणी पुरतें, म्हणजे १० लिटरला ३०० ग्रॅम. नाशिक जिल्ह्यासारख्या ठिकाणीं एकीकडे इगतपुरीचा भात व दुसरीकडे मालेगांवची बाजरी अशीं दोन्ही पिकें आहेत. समजा, एखाद्यानें बाजरीसाठीं केलेलें पाणी न वापरतां तसेंच राहिलें, आणि तेंच त्याला भातासाठीं फिकें करावयाचें आहे. किती पाणी घालावें? पुष्कळ लोक म्हणतील, २० चे ३ करावयाचे म्हणजे सुमारें सातपट, तर सातपट पाणी ओता. परंतु मीठ मोजा. मीठ २ किलो आहे. १० लिटरला ३०० ग्रॅम या मापानें २ किलो मिठाला एकंदर पाणी सुमारें ६७ लिटर लागेल. त्यांपैकीं १० लिटर पाणी आधींच आहे. तेव्हां घालावयाचें पाणी ५७ लिटर, सत्तर नव्हे. एकंदर पाणी किती व्हावें आणि नवें पाणी किती घालावें, या दोन प्रश्नांची गल्लत हीच या गणितांतील सर्वांत मोठी खोड आहे.

येथें एक सूक्ष्म गोष्टहि ध्यानांत ठेवावी. आपल्या शेतकी शिफारशींत टक्का म्हणजे बहुधा ‘१०० लिटर पाण्यास इतके किलो’ असा अर्थ असतो. शाळेच्या पुस्तकांत टक्का म्हणजे एकंदर मिश्रणाच्या शंभर भागांत इतके भाग. फिक्या द्रावणांत हा भेद नगण्य आहे. १०० लिटर पाण्यांत १ किलो घातलें काय आणि १०० किलो मिश्रणांत १ किलो असलें काय, फरक डोळ्यांस दिसणार नाहीं. परंतु वरील बाजरीच्या पाण्यांत १० लिटर पाणी व २ किलो मीठ मिळून वजन १२ किलो होतें, आणि शाळेच्या अर्थानें तें द्रावण पावणेसतरा टक्क्यांच्याहि किंचित् खालींच भरतें. म्हणून शिफारस वाचतांना टक्का कशाचा आहे हें आधीं पाहावें.

आतां फवारणीकडे वळूं. कारण खरा धोका तेथें आहे. एकाच औषधाच्या दुकानांत दोन बाटल्या असतात; एकींत मूळ विषारी द्रव्य २० टक्के, दुसरींत ५० टक्के. समजा, पहिल्या बाटलींतील औषध १० लिटर पाण्यास २० मिलिलिटर घालण्याची शिफारस आहे. म्हणजे खरें द्रव्य ४ भाग गेलें. तेवढेंच द्रव्य दुसऱ्या बाटलींतून घालावयाचें तर ८ मिलिलिटर पुरेसें आहे. पंप १६ लिटरचा असेल तर पहिलें औषध ३२ मिलिलिटर व दुसरें १३ मिलिलिटरांहून किंचित् कमी. परंतु आमच्याकडे चाल अशी कीं, ‘पंपाला दोन झांकणें’. झांकण कोणत्या बाटलीचें, पंप किती लिटरचा, औषध किती टक्क्यांचें, हें कोणीच विचारीत नाहीं. गेल्या वर्षींची सवय या वर्षींच्या बाटलीला लावली म्हणजे अडीचपट विष पंपांत जातें. उलट झालें तर दोनपंचमांश जातें, कीड मरत नाहीं, आणि दुसऱ्या फवारणीचा खर्च बोकांडीं बसतो. शिवाय अपुऱ्या मात्रेंतून वांचलेल्या किडींची प्रजा पुढें त्या औषधाला दाद देईनाशी होण्याचें भय वेगळेंच. हें उदाहरण आम्हीं गणितापुरतें घेतलें आहे. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर छापलेली मात्रा हीच अखेरची समजावी. पण वेष्टन वाचून पंपाचा हिशेब करण्यासहि हेंच गणित लागतें.

याहून नाजूक प्रश्न पंपाच्या जातीचा आहे. हातपंपाला एकरीं २०० लिटर पाणी लागत असेल व यंत्रपंपाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानेंच भागत असेल, तर यंत्रपंपांत दर लिटरला औषध तिप्पट घालावें अशी सूचना पुष्कळ ठिकाणीं आढळते. ती कां, हें गणितानें समजतें: तेथें कायम ठेवावयाची गोष्ट एकरीं औषध ही आहे; पाणी केवळ वाहन आहे. परंतु हाच नियम २ टक्के युरियाच्या फवाऱ्याला लावला तर पंपांत ६ टक्क्यांचें द्रावण होऊन पानें करपतील. कारण तेथें कायम ठेवावयाची गोष्ट द्रावणाची तीव्रता ही आहे. मात्रा एकरीं सांगितली आहे कीं पाण्याच्या प्रमाणांत सांगितली आहे, एवढा एक प्रश्न विचारण्याची संवय लागली तरी पुष्कळ नुकसान टळेल.

सन २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें आजारी पडले आणि कित्येकांना प्राणांस मुकावें लागलें. त्या दुर्घटनेचीं कारणें अनेक होतीं. संरक्षक कपडे व मुखपट्टी नव्हती, कपाशी माथ्यापर्यंत वाढली होती, आणि निरनिराळीं औषधें एकत्र करून मारण्याची चाल होती, असें त्या वेळीं पुढें आलें. केवळ गणित येत असतें तर तीं माणसें वांचलीं असतीं, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल आणि मृतांवर अन्यायाचेंहि होईल. परंतु पंपांत काय व किती आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, तो आपल्या पाठीवर काय वाहतो आहे हेंहि त्याला ठाऊक नसतें. बहुतेक वेळां पंप पाठीवर घेणारा मजूर असतो आणि औषध कालवणारा दुसराच असतो. चुकलेल्या मापाची शिक्षा माप घेणाऱ्याला न होतां पाठीवर पंप असलेल्याला होते. हा प्रश्न म्हणूनच निव्वळ बुद्धीचा नाहीं, तो नीतीचा आहे.

योग्य प्रमाण शोधल्यानें किती लाभ होतो याचें उत्तम उदाहरण बोर्डो मिश्रण होय. फ्रान्स देशांत बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनीं द्राक्षावरील केवडा रोगासाठीं सन १८८५ मध्यें जें मिश्रण प्रसिद्ध केलें, त्यांत १०० लिटर पाण्यांत ८ किलो मोरचूद व ३० लिटर पाण्यांत १५ किलो कळीचा चुना घेऊन तीं दोन्हीं एकत्र करावयाचीं होतीं. म्हणजे १३० लिटरांत ८ किलो मोरचूद, सुमारें ६ टक्के. आज आमच्या कोंकणांतील बागाईतदार सुपारीच्या कोळेरोगावर १ टक्क्याचें मिश्रण फवारतात. १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो चुना. मूळ मिश्रणाच्या मानानें मोरचूद सहाव्या हिश्श्यावर आला. मात्र याच मिश्रणांत गणिताची मर्यादाहि दिसते. चुना जुना, हवा लागून निसत्त्व झालेला असेल, तर १ किलो चुन्यांत १ किलो खरा चुना नसतो. म्हणून लोखंडाचें स्वच्छ पातें मिश्रणांत बुडवून पाहावें. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजून आणखी निवळी घालावी. मूळ मालाचा कस किती हें ठाऊक असेल तरच हिशेब खरा ठरतो. भास्कराचार्यांच्या सोन्याला जें लागू तेंच चुन्यालाहि लागू आहे.

द्राक्षबागाईतदारांना पीपीएम हा शब्द परका नाहीं. दशलक्ष भागांत किती भाग, एवढाच त्याचा अर्थ. १०० लिटर पाणी म्हणजे १ लक्ष ग्रॅम; त्यांत संजीवक १ ग्रॅम शुद्ध घातलें तर तें १० पीपीएम झालें. भुकटी शेंकडा ९० शुद्ध असेल तर १ ग्रॅम खऱ्या द्रव्यासाठीं १.११ ग्रॅम भुकटी घ्यावी लागेल. निंबोळीच्या औषधावरहि १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम असे आंकडे असतात. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्का. दुसऱ्याच्या मानानें पहिल्यांत मूळ द्रव्य पावणेसात पटींच्या जवळपास आहे. समजा, १५०० पीपीएमची बाटली लिटरला ३०० रुपयांस मिळते. तर १०,००० पीपीएमची बाटली २,००० रुपयांच्या आंत मिळाली तरच द्रव्याच्या हिशेबानें ती स्वस्त. बाटलीची किंमत न पाहतां त्यांतील द्रव्याची किंमत पाहावी, हा व्यापाराचा मंत्र या गणितानें फुकट मिळतो.

खताचा हिशेब तर याच्याच पोटांतला आहे. ‘हेक्टरीं १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश द्यावें’ अशी शिफारस आली कीं कित्येक जण १०० किलो युरिया मोजतात. परंतु युरियांत नत्र शेंकडा ४६ आहे; हल्लींच्या ४५ किलोंच्या गोणींत तें २०.७ किलोच भरतें. हिशेब असा करावा. डी.ए.पी. मध्यें नत्र १८ व स्फुरद ४६ टक्के. आधीं स्फुरद पुरें करूं: ५० भागिले ०.४६ म्हणजे सुमारें १०९ किलो डी.ए.पी. त्याबरोबर नत्र साडेएकोणीस किलो आपोआप आलें. उरलेलें साडेऐंशी किलो नत्र युरियांतून आणावयाचें, त्यासाठीं १७५ किलो युरिया. पालाशासाठीं ६० टक्क्यांचें म्युरेट सुमारें ८३ किलो. हेंच काम १०:२६:२६ या मिश्रखतानें करावयाचें तर १९२ किलो मिश्रखत व १७६ किलो युरिया लागेल. दोन्हींत पिकाला मिळणारें अन्न जवळजवळ सारखेंच. मग ज्या दिवशीं ज्याचा एकंदर भाव कमी पडेल तें घ्यावें. दुकानदार जें पोतें पुढें करील तेंच उचलण्याची गरज मग उरत नाहीं. अर्थात् युरिया सर्व एकदम न देतां हप्त्यांनीं द्यावा, हें गणिताबाहेरचें शहाणपण आहेच.

आतां गुरांच्या गोठ्यांत या. भुईमुगाच्या पेंडींत प्रथिनें शेंकडा ४० व मक्याच्या भरड्यांत १० धरलीं, आणि आपणांस २० टक्क्यांचें आंबोण पाहिजे, तर फुलीची रीत वापरावी. मध्यें २० लिहा. डाव्या बाजूस वर ४०, खालीं १०. फुलीच्या वाटेनें वजाबाकी करा: ४० व २० यांचें अंतर २० तें मक्याचें, २० व १० यांचें अंतर १० तें पेंडीचें. म्हणजे पेंड १ भाग, मका २ भाग. पडताळा पाहा: ३ किलो आंबोणांत ४०० व २०० मिळून ६०० ग्रॅम प्रथिनें, बरोबर २० टक्के. ही रीत शाळेंतही शिकवितात, परंतु ती जादूसारखी शिकवितात. ती जादू नव्हे. मध्यापेक्षां पेंडींत जें अधिक आहे तें मक्यांतील उण्यानें भरून काढावयाचें, एवढाच तिचा अर्थ. हा अर्थ समजला कीं फुली विसरली तरी रीत विसरत नाहीं.

आणि शेवटीं त्या गवळ्याकडे परत येऊं. कारण त्याच्याच धंद्यांतून या गणिताची अब्रू राखणारें उदाहरण निघालें आहे. मुंबईंत दुधाची टंचाई असतां दारा खुरोडी यांनीं १९४६ च्या सुमारास टोन्ड दुधाची योजना पुढें आणली. त्यांना पुढें १९६३ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. हिशेब पाहा. म्हशीच्या १०० किलो दुधांत स्निग्धांश ६ किलो व इतर घनांश ९ किलो धरूं. यांत १०० किलो नुसतें पाणी घातलें तर २०० किलोंत स्निग्धांश ३ टक्के होतो, पण इतर घनांश साडेचार टक्क्यांवर येतो, ही भेसळ. टोन्ड दुधाला स्निग्धांश ३ टक्के व इतर घनांश साडेआठ टक्के पाहिजे. २०० किलोंला घनांश १७ किलो लागेल, आपणांजवळ ९ आहे. उरलेला ८ किलो निर्लोणी दुधाच्या भुकटींतून घालावयाचा व बाकीचें पाणी. असें केलें म्हणजे १०० किलो दुधाचें २०० किलो प्रामाणिक दूध होतें, आणि गरिबाला तें परवडतें. पाणी दोन्हींत आहे, गणितहि दोन्हींत एकच आहे. फरक इतकाच कीं, एकांत द्रव्य मोजून सांगितलें आहे व दुसऱ्यांत लपविलें आहे. शाळेंतल्या मुलांना हें दुसरें उदाहरण सांगितलें जावें, अशी आमची इच्छा आहे.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, कृषिखात्याचीं व विद्यापीठांचीं तयार कोष्टकें असतां शेतकऱ्यानें डोकें कां शिणवावें? कोष्टकें उपयुक्त आहेत, यांत शंका नाहीं. परंतु कोष्टक एका पंपासाठीं, एका टक्केवारीसाठीं व एका क्षेत्रासाठीं लिहिलेलें असतें; शेतकऱ्याचा पंप, बाटली व वाफा यांपैकीं एक तरी त्याहून निराळा असतोच. कोष्टक पाठ असलेला मनुष्य पहिल्याच बदलाशीं अडतो. रीत समजलेला मनुष्य नवें कोष्टक स्वतः करतो. दुसरा आक्षेप असा कीं, आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, तो गुणाकार करील. करील खरा, परंतु कोणता आंकडा कोणत्या आंकड्यानें गुणावा हें त्याला सांगावें लागतें. विष व पाणी यांत भेद न करणाऱ्या यंत्राच्या हातीं तो प्रश्न सोंपविणें धोक्याचें आहे. त्याचें उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें ओळखण्यापुरतें तरी गणित मालकाच्या डोक्यांत पाहिजे.

तेव्हां आमच्या तीन सूचना आहेत. ग्रामीण शाळांच्या शिक्षकांनीं मिश्रणाचा धडा आषाढांत घ्यावा, आणि मुलांना घरचा पंप किती लिटरचा, घरच्या गोणीवर कोणते आंकडे छापले आहेत हें विचारून यावयास सांगावें; उदाहरणें आपोआप तयार होतील. औषधें व खतें विकणाऱ्यांनीं पावतीवर औषधाची टक्केवारी व गिऱ्हाइकाच्या पंपाला लागणारी मात्रा मिलिलिटरांत लिहून द्यावी. झांकणाची भाषा बंद करावी. आणि आमच्या संस्थेच्या प्रत्येक शाखेनें एक मोजपात्र, एक लहान तराजू व एक फळा एवढें साहित्य ठेवून हंगामापूर्वीं एक दिवस सभासदांकडून व विशेषतः फवारणी करणाऱ्या मजुरांकडून दहा उदाहरणें प्रत्यक्ष पाणी व मीठ घेऊन सोडवून घ्यावीं. याला मोठा खर्च नाहीं. मीठ चाखून पाहतां येतें. विष चाखतां येत नाहीं. म्हणून मोजण्याची संवय मिठावरच करून घ्यावी हें बरें.

शेतकरी अंदाजानें चालतो हा त्याच्यावरचा जुना आरोप आहे. पण तो धान्याचें माप, बैलाची किंमत व सावकाराचें व्याज कधीं अंदाजानें धरीत नाहीं. तेथें त्याचा हिशेब चोख असतो, कारण तेथें आपलें काय जातें हें त्याला दिसतें. पंपांत व गोणींत काय जातें तें दिसत नाहीं, एवढाच फरक आहे. तें दिसूं लागावें म्हणून हें गणित आहे. येत्या हंगामांत पंपांत औषध घालण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं बाटलीवरची टक्केवारी एकदां वाचावी, मजुराला वाचून दाखवावी, आणि झांकण बाजूस ठेवून मोजपात्र हातीं घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.